दुसऱ्या माळ्यावरची खोली, दीराला टीबी, पोराला धाप. घराचा संबंध असू शकतो का?

अबोली_शिवणकाम

नमस्कार मंडळी. हा प्रश्न आरोग्यात टाकू की घर-सोसायटीत तेच कळेना म्हणून इथे टाकतेय, चुकीच्या ठिकाणी असेल तर अॅडमिननी हलवावा.

आम्ही चेंबूरच्या बाजूला एका एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) बिल्डिंगमध्ये राहतो. आधी तिथेच जवळ झोपडीत होतो, अर्ध्यापर्यंत विटा वर पत्रा आणि पोटमाळा. खोलीची चावी मिळाली तेव्हा सासूबाईंनी पेढे वाटले होते, संडास घरात, नळ घरात, अजून काय पाहिजे. सात माळ्यांची बिल्डिंग, आमची खोली दुसऱ्यावर, २२५ फुटाची, माणसं सहा. मी घरीच साड्यांना फॉल-बिडिंग करते त्यामुळे दिवसभर आतच असते.

तर झालंय असं की दोन महिन्यांपूर्वी दीराला टीबी निघाला, औषधं चालू आहेत. त्याच्या आधीपासूनच माझ्या धाकट्याला, चार वर्षांचा आहे, सारखा खोकला आणि रात्री छातीतून सूं सूं आवाज, पावसाळ्यात तर झोपूच शकत नाही, वजनही वाढत नाहीये. डॉक्टर बोलले अॅलर्जी आहे, पंप दिलाय. बाथरूमची भिंत कायम ओली असते, वरच्यांच्या मोरीतून गळतं, पोपडे पडतात आणि कोपऱ्यात काळं काळं येतं, दर गणपतीला रंग मारतो की दिवाळीपर्यंत परत हजर.

खिडकी एकच आहे आणि ती हाउस गल्लीत, म्हणजे दोन बिल्डिंगमधल्या बोळात उघडते. समोरची बिल्डिंग इतकी जवळ की कपडे वाळत घालायची काठी पुढे केली तर समोरच्यांच्या ग्रिलला लागते. दिवसा बारा वाजता ट्यूबलाइट लावल्याशिवाय सुईत दोरा ओवता येत नाही. आणि खिडकी उघडायची सोयच नाही, वरून लोक कचऱ्याच्या पिशव्या टाकतात त्याचा वास, डास, पाइपावरून उंदीर चढतात. म्हणून बंदच.

सासूबाई म्हणतात घर लाभत नाही, शांत करून घेऊ. नवरा म्हणतो सगळं डोक्यात आहे, झोपडीत पण आजारी पडायचोच की. मला फक्त एवढंच विचारायचंय की घरामुळे खरंच असं होऊ शकतं का आणि खोली बदलणं तर शक्य नाही, मग काय करता येईल.

हेल्थपोस्टवाली

ताई, होऊ शकतं. पण आधी घर बाजूला ठेवा, पोराचं बघा.

मी गोवंडी-मानखुर्दच्या पट्ट्यात टीबीच्या कामात आहे, घरोघरी जाणारी. घरात टीबीचा पेशंट आहे आणि पाच वर्षांच्या आतलं मूल खोकतंय, वजन वाढत नाही, तर नुसत्या पंपावर थांबायचं नाही. अॅलर्जी असेलही, पण छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी झालीच पाहिजे. दीर जिथून औषध घेतात तिथल्याच आरोग्य केंद्रात सांगा की घरात लहान मूल आहे, ते त्यांना माहीत असायला पाहिजे खरं तर, पण नसेल सांगितलं तर सांगा. टीबी नाही असं नक्की झालं तर त्याला प्रतिबंधाच्या गोळ्या देतात, वजनाप्रमाणे, फुकट. बाकी सगळ्यांचीही तपासणी करा, सासूबाईंना शुगर असेल तर त्यांची नक्कीच.

एक विचारू का, दीराचं ताट-पेला वेगळा केलाय ना? नव्वद टक्के घरात मी हेच बघते, ताट वेगळं, चादर वेगळी आणि खिडकी बंद. टीबी ताटातून होत नाही हो. खोकल्यातून बाहेर पडलेले बारीक कण हवेत तासनतास तरंगत राहतात, हवा हलली नाही तर तीच हवा सहा जण आलटून पालटून घेतात. ऊन आणि वारा या दोन गोष्टी त्या जंतूला सोसत नाहीत आणि तुमच्या घरात नेमक्या त्याच दोन नाहीत.

नवऱ्याला सांगा डोक्यातलं नाहीये. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख आणि पीएमजी कॉलनी अशा तीन वसाहतींचा अभ्यास झाला होता, डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईवाले होते त्यात, २०१८ च्या सुमारास पेपरात बरंच आलं होतं. पहिल्या दोन ठिकाणी साधारण दहा घरांमागे एका घरात टीबी आणि पीएमजीमध्ये शंभरात एक. तिन्हीकडे लोक गरीबच, तिन्हीकडे इमारती पुनर्वसनाच्याच. फरक कुठे होता तर दोन बिल्डिंगमधलं अंतर, उजेड, वारा. आणि खालच्या माळ्यांवर त्रास जास्त, हे तर आम्ही पायऱ्या चढता चढताच बघतो, पहिल्या-दुसऱ्यावर माझी वही भरते.

नकाशेवाला

वरच्या प्रतिसादाला +१. मी आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन म्हणून बरीच वर्षं काढली, अशा इमारतींचे नकाशे हातून गेलेत म्हणून जरा सांगतो, लांबेल, माफ करा.

मुंबईत हा विषय नवा नाही. १८९६ ला मांडवीत प्लेग आला तेव्हा सरकारी लोक घरांवर 'यूएचएच' असा शिक्का मारत फिरायचे, म्हणजे माणसाने राहण्यालायक नाही, आणि उजेड आत यावा म्हणून छपराची कौलं काढून टाकायचे. प्लेग हवेतून येतो असा तेव्हा समज होता, खरा कारभार उंदरावरच्या पिसवांचा होता, पण त्या भीतीपोटी १८९८ ला शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्यांनी एक कामाचा नियम आणला, साडेत्रेसष्ट अंशांचा. सोप्या भाषेत सांगायचं तर बिल्डिंग जेवढी उंच त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा समोर सोडा, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीतूनही आकाश दिसेल.

आता तुमची बिल्डिंग घ्या. सात माळे म्हणजे वीसेक मीटर. त्या जुन्या हिशोबाने मधे दहा मीटर पाहिजेत. तुम्ही काठी लागते म्हणताय म्हणजे मधे तीन मीटर असतील, त्यातून दोन्हीकडची ग्रिलं बाहेर आलेली. एसआरएमध्ये मोकळ्या जागेच्या नियमात सूट मिळते ना, त्याचा हा प्रकार. आणि गंमत बघा, घनतेचा जो नियम आहे तो कमीत कमीचा आहे, एका हेक्टरवर निदान इतकी घरं बसवलीच पाहिजेत, आधी ५०० होती नंतर ६५० झाली. जास्तीत जास्त किती याची काळजी कोणाला नाही. खोलीचा आकार मात्र वाढत गेला, २२५ चे २६९ झाले, आता ३००, त्याच्या जाहिराती होतात. उजेडाची जाहिरात कोण करणार.

दुसरं म्हणजे मधे पॅसेज आणि दोन्हीकडे खोल्या. खिडकी एका बाजूलाच, समोर दार, दार बंद. वारा आत यायला एक वाट आणि बाहेर जायला दुसरी वाट लागते, एकाच खिडकीतून हवेची नीट ये-जा होत नाही. म्हणून उपाय सांगतो: खिडकीच्या वरच्या भागात एक्झॉस्ट फॅन बसवा, बाहेर फेकणारा, आणि मुख्य दाराला जाळीचं सेफ्टी डोअर लावून लाकडी दार उघडं ठेवा. फॅन चालू झाला की पॅसेजमधून हवा आत ओढली जाईल. सीलिंग फॅनने हवा फिरते फक्त, बदलत नाही, हे लक्षात ठेवा.

पत्र्याखालचा

सगळे एसआरएच्या नावाने खडे फोडताय, झोपडीत काय महाबळेश्वर होतं का? मी पंचवीस वर्षं पत्र्याखाली काढली आहेत. मे महिन्यात दुपारी दोनला पत्र्याखाली बसून दाखवा, अंगावर पुरळ, लहान पोरांना जुलाब. जुलैत नाल्याचं पाणी घरात, ते ओसरलं की घराघरात ताप, लेप्टो. बायका रात्री संडासला जायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणी पीत नव्हत्या, त्याने मूतखडा, लघवीची जळजळ, ते आजार कोणी मोजले? टीबी तिथेही होता, फक्त कोणी दार ठोकून विचारायला येत नव्हतं.

ताईंच्या सासूबाईंनी पेढे वाटले ते उगाच नाही वाटले.

हेल्थपोस्टवाली

@पत्र्याखालचा दादा, संडासचा मुद्दा शंभर टक्के मान्य, त्यावर वादच नाही. टीबीचे जंतू कित्येकांच्या अंगात झोपडीतूनच आलेले असतात, वर्षानुवर्षं गप्प राहतात आणि माणूस अशक्त झाला, शुगर झाली, खाणं कमी पडलं की उठतात. पण झोपडीत दार दिवसभर उघडं असायचं, बाया बाहेर ओट्यावर बसून भाजी निवडायच्या, पोरं गल्लीत. बिल्डिंगमध्ये आल्यावर दार बंद, खिडकी बंद, बाई दिवसभर आत. गर्दी तेवढीच राहिली आणि वारा गेला. अजून एक, मेंटेनन्स आणि लाइटबिल भरायला लागल्यापासून दूध-अंडी कमी केलेली घरं मी बघितली आहेत.

@नकाशेवाला, फॅनचं बरोबर पण पॅसेजमधून हवा ओढायची म्हणता तिथे मला जरा शंका आहे. आमच्याकडचे पॅसेज दोन्ही टोकांना बंद असतात, एका टोकाला कोणीतरी कपाट ठेवून अडवलेलं, दुसऱ्या टोकाला लिफ्ट, तीही बंद. एका माळ्यावर दोन-तीन पेशंट असले तर त्यांचीच हवा आत घेणार का?

नकाशेवाला

रास्त शंका. पॅसेजच्या टोकाला जाळी किंवा खिडकी असायला पाहिजे, नकाशात असते, नंतर लोक बंद करतात किंवा सामान ठेवतात. ती आधी मोकळी करून घ्या, सेक्रेटरीला गाठा, खर्च शून्य. तोपर्यंत फॅन उलटा बसवायचा असं कोणी सुचवेल पण हाउस गल्लीतली घाण हवा आत घेण्यात अर्थ नाही. माझ्या मते तरी पॅसेजची हवा बंद खोलीपेक्षा परवडली, निदान हलती तरी असते.

वारा_कुठून

खिडक्या उघडा, दार उघडं ठेवा हे सगळीकडे चालत नाही बरं का. आमचे नातेवाईक माहुलला टाकले होते, पाइपलाइनजवळच्या झोपड्या तोडल्या तेव्हा. बाजूला रिफायनरी. खिडकी उघडली की डोळे चुरचुरणार, डोकं धरणार, काकूंना कातडीचा त्रास सुरू झाला तो गेलाच नाही. २०१५ ला हरित लवादाने तिथली हवा धोक्याची म्हटली, २०१९ ला हायकोर्टाने सांगितलं की लोकांना दुसरीकडे न्या नाहीतर महिना १५,००० भाडं द्या. तोपर्यंत घरटी एकेक दवाखान्याची फाइल तयार झाली होती. पक्कं घर दिलं की काम झालं असं समजणाऱ्यांनी तिथे एक रात्र झोपावं.

लेस्टरचा_सावंत

मी यूकेत आहे, इथेही भाड्याच्या घरात ओल आणि काळी बुरशी हा घरोघरीचा विषय आहे. रॉचडेल गावात अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा २०२० मध्ये गेला, फ्लॅटमधल्या बुरशीमुळे श्वासाचा आजार होऊन. आईबाप तक्रार करत होते आणि घर देणारी संस्था सांगत होती वरून रंग मारा. त्यावरून देशभर गदारोळ झाला आणि त्याच्या नावाने कायदा आला, ऑक्टोबर २०२५ पासून सरकारी-सामाजिक घरांत तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत हालचाल करावी लागते, बाकी गंभीर तक्रारीची दहा कामाच्या दिवसांत पाहणी.

ताई, तुमचं "दर गणपतीला रंग" वाचून तेच आठवलं. बुरशीवर रंग मारून काही होत नाही, पाणी कुठून येतंय ते बंद झालं पाहिजे. कोरड्या कपड्याने खरवडू नका, कण उडतात आणि पोराला लगेच धाप लागेल. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला कपडा बांधून, पोराला त्या दिवशी शेजारी पाठवा. आणि कपडे घरात वाळवू नका.

अबोली_शिवणकाम

सगळ्यांचे आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

ताट वेगळं केलंय, हो. वाचून दाखवलं सासूबाईंना, काही बोलल्या नाहीत.

सावंत दादा, कपडे घरात नाही वाळवायचे तर कुठे, गच्चीला कुलूप आहे आणि चावी चेअरमनकडे. पावसाळ्यात सहा माणसांचे कपडे पंख्याखाली दोरीवरच असतात, दोन-दोन दिवस, कुबट वास जात नाही.

आणि वरच्या लोकांना गळतीचं किती वेळा सांगितलं, ते म्हणतात बिल्डरचं काम, सोसायटी म्हणते तुमचं आपसातलं. बिल्डरचा तर फोनच लागत नाही.

नकाशेवाला

गळतीचा खर्च कोणाचा हे सोसायटीच्या मॉडेल बायलॉजमध्ये (नमुना नियमावलीत) आहे. मोरी, संडास, सिंक यातून आतल्या आत गळत असेल तर ज्याच्या घरातून गळतं त्याने. गच्ची, बाहेरची भिंत, सामाईक पाइप असेल तर सोसायटीने. तोंडी सांगून उपयोग नाही, अर्ज लिहून दोन प्रती, एकीवर पोच घ्या, फोटो जोडा. आधी बघा गळतं कधी. वरचे गावाला गेले की भिंत सुकते का? सुकत असेल तर त्यांच्या मोरीचा ट्रॅप नाहीतर लाद्यांचे जोड. फक्त पावसात वाढत असेल तर बाहेरच्या भिंतीला किंवा डक्टमधल्या (सगळ्या माळ्यांचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतल्या) पाइपाला बघा. बऱ्याच वेळा डक्टमधला पाइप फुटलेला असतो आणि दोन घरं वर्षभर भांडत बसतात.

गच्चीच्या चावीसाठीही अर्ज करा, चार बायका मिळून गेलात तर लगेच मिळेल. पोरांना ऊन तरी लागेल.

बीडीडीचा_पोरगा

माझं बालपण वरळीच्या बीडीडी चाळीत गेलं, १६० फुटाची खोली, आठ माणसं, मधून पॅसेज, दोन्हीकडे खोल्या, संडास कॉमन. नकाशावर बघाल तर तुमच्यापेक्षा वाईट. पण तीन माळ्यांच्या वर चाळ नाही आणि दोन चाळींच्या मधे आम्ही क्रिकेट खेळायचो, एवढी जागा. १९२० च्या दशकात इंग्रजांनी गिरणी कामगारांसाठी कोंबलेली घरं ती, त्यातही दोन बिल्डिंगमधे काठी लागत नव्हती. आता तिथे टॉवर झालेत, ५०० फुटाचे फ्लॅट, २०२५ मध्ये पहिल्यांना चाव्या मिळाल्या. उंच टॉवर आहेत, खालच्यांना ऊन किती मिळतं ते कळेल.

विकून_टाका

इतका त्रास असेल तर खोली विका आणि बदलापूर-वांगणीला जा ना, मोकळी हवा.

पत्र्याखालचा

@विकून_टाका, एसआरएची खोली काही वर्षं विकता येत नाही आणि नवऱ्याचा धंदा इथे, फॉल-बिडिंगची गिऱ्हाईकं इथे, पोरांची शाळा इथे. वांगणीवरून ८:०५ च्या लोकलला लटकून येणारा माणूस किती निरोगी राहतो तेही कोणीतरी मोजा.

हेल्थपोस्टवाली

ताई, तुम्ही बाकी काही करा न करा, या आठवड्यात मुलाला न्या. दीराचं ताट घरात घ्या. साधा टीबी (नेहमीच्या गोळ्या लागू पडणारा) असेल आणि गोळ्या नीट चालू असतील तर काही आठवड्यांतच पसरण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, मधेच गोळ्या सोडल्या तर मात्र सगळं मुसळ केरात. त्यांच्या नावावर निक्षय पोषणचे पैसे, टीबी पेशंटच्या खाण्यासाठी सरकार देतं ते, येतायत का बघा, महिना १,००० झालेत आता, आधी ५०० होते. बँक खातं जोडलेलं नसलं तर अडकतात. त्यांना झोपायला खिडकीजवळ जागा द्या आणि पोराला दाराजवळ, सध्या उलट असेल बहुतेक.

तुम्ही स्वतः पण तपासा. सगळ्यात जास्त वेळ त्या खोलीत तुम्ही असता. खोकला असेल तर बेडका द्यायला लागेल.

अबोली_शिवणकाम

उलटच आहे झोपायचं, बरोबर ओळखलंत. उद्या पोराला घेऊन जाते, नवरा पण येतो म्हणालाय. मला थोडा खोकला आहे पण सुका आहे, बेडका पडत नाही, मग डबी नुसती थुंकीने भरून दिली तर चालते का?

हेल्थपोस्टवाली

नाही चालत, थुंकीत काही सापडत नाही आणि रिपोर्ट निल येतो, मग लोक निवांत होतात. सकाळी उठल्या उठल्या, काही खायच्या आधी, साध्या पाण्याने चूळ भरा, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढा. डबी घरात न भरता गच्चीवर नाहीतर बिल्डिंगच्या खाली मोकळ्यावर भरा, झाकण घट्ट. तरी नाहीच पडला तर तसं स्पष्ट सांगा, एक्स-रे काढतील. पोराकडून बेडका मागू नका, एवढ्या लहान मुलांना काढता येत नाही, त्यांची वेगळी पद्धत असते, ते डॉक्टर बघतील. जाताना दीराचं औषधाचं कार्ड बरोबर न्या.